अंदाज नको, आकडा

लेले आमच्या दारात पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं रामराम घातला नाही, पाणी मागितलं नाही, मुकादम तुम्हीच का म्हणून विचारलंही नाही. खिशातून घडीची फूटपट्टी काढली आणि आमच्या घराचं दार मोजलं. मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दार पाच फूट एक इंच. तुम्ही साडेपाचाच्या वर आहात. रोज डोकं आपटत असेल."

"रोज न्हाई," मी म्हणालो. "रागात भाईर पडलो तरच."

त्यानं तेही वहीत लिहून घेतलं.

ही पहिली लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला विजेच्या कंपनीचा तलाव आहे, त्याच्या धरणावर मी मुकादम होतो. गाव माझं कुसगाव, पण राहणं धरणाच्या पायथ्याशी, कंपनीनं दिलेल्या दोन खोल्यांत. पुण्याच्या इंजिनेरी कॉलेजातली पोरं शेवटच्या वर्षाला आमच्याकडं उमेदवारीला यायची. पुस्तकात शिकलेलं हातानं करून बघायचं, आणि जाताना मोठ्या साहेबाचा दाखला घेऊन जायचं, असा तो रिवाज. आता खरं सांगतो, बहुतेक पोरं बंगल्यावर पत्ते खेळायची, धबधब्यापाशी जाऊन ओरडायची, चिक्कीचे पुडे बांधून घ्यायची आणि दाखला खिशात घालून पुण्याची गाडी धरायची. त्यांचं मला काही वाटायचं नाही. उमेदवारी म्हणजे दुसऱ्याचं शेत फुकट कसायला मिळाल्यागत असतं. कुणी नांगर धरतो, कुणी बांधावर झोपतो.

लेलेनं बांधसुद्धा नांगरला.

अंगानं वाळका, नाक पुढं, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंगात कॉलेजचा काळा कोट. कोटाच्या एका खिशात फूटपट्टी, दुसऱ्यात मोजायची फीत, वरच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा. पेन्सिल किती उरलीय तेही मोजायचा. पाथरवटाजवळ दोन दिवस बसून एका दगडाला किती घाव लागतात ते मोजलं. चुन्याच्या घाणीवर बैलामागं फिरून चुना किती फेऱ्यांत मऊ होतो ते मोजलं. बैल दमला, हा दमला नाही. घाणीवाला मला म्हणाला, "मुकादम, ह्या बाबाला जू लावू का? फिरतोयच तर फिरू द्या."

त्याला कुणी नुसतं 'जवळ' म्हटलेलं खपायचं नाही. 'लय' म्हटलेलं तर मुळीच नाही.

"मुकादम, सांडवा इथून किती लांब?"

"हे काय, हितंच."

"अंदाज नको, आकडा सांगा."

"तीन इड्या," मी वैतागून म्हणालो.

दुसऱ्या कुणी तो विषय तिथंच सोडला असता. लेले माझ्या मागोमाग सांडव्यापर्यंत चालत आला, मी किती विड्या ओढतो ते बघत. पोचलो तेव्हा तिसरी विडी निम्मी शिल्लक होती. "अडीच," तो म्हणाला. "मुकादम, तुम्ही अर्ध्या विडीनं चुकलात." त्या दिवसापासून त्याच्या वहीत माझ्या विडीचंही कोष्टक झालं. कुसगावच्या लोकांनी त्याचं नाव 'मापटं' ठेवलं. धान्य मोजायचं भांडं असतं ते. पोरं रस्त्यात ओरडायची, "मापटं आलं, मापटं आलं!" हा थांबून विचारायचा, "तुमच्याकडचं मापटं किती शेराचं?"

बामणाचं पोर, म्हणून पहिले पंधरा दिवस हातानं शिजवून खात होता. तांदूळ तोलून, पाणी मापून, घड्याळ लावून. भात रोज करपायचा. माझी बायको, भागू तिचं नाव, दारातून वास घ्यायची आणि तळमळायची. एक दिवस तिनं त्याचं पातेलं उचलून कोंबड्यांपुढं उपडं केलं आणि पानात तांदळाची भाकरी वाढली.

मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "अगं, आपल्या हातचं त्याला चालतं का?"

ती म्हणाली, "उपाशी मेला तर पाप मला लागंल, जेवला तर त्याला. त्याचं तो बघंल."

लेलेनं बघितलं. आधी भाकरीवर फूटपट्टी ठेवली. "साडेआठ इंच," म्हणाला आणि मग जेवला. दुसऱ्या दिवशीही साडेआठ. तिसऱ्या दिवशीही. आठवडा झाला तसा तो अस्वस्थ व्हायला लागला. एकदा चुलीपुढं उकिडवा बसून तिचे हात बघत राहिला.

"मावशी, मापाशिवाय सगळ्या सारख्या कशा होतात?"

"माप हाये की."

"कुठं आहे?"

तिनं दोन्ही तळवे त्याच्यापुढं धरले. पिठानं पांढरे झालेले.  मग त्याच्या ध्यानात आलं की प्रत्येक भाकरीच्या कडेला एका जागी बारीकशी खोच आहे, उंदरानं कुरतडल्यागत. "आणि ही खोच कशाची?" तिनं उजव्या हाताची करंगळी दाखवली. लहानपणी उखळात सापडून वाकडी झालेली. भाकरी थापताना ती करंगळी पिठात रुतायची. पस्तीस वर्षं मी त्या भाकऱ्या खाल्ल्या. खोच मला कधी दिसली नाही. मापट्याला आठ दिवसांत दिसली.

त्याच दिवशी जेवताना तो पहिल्यांदा स्वतःचं काही बोलला. आई लहानपणीच गेलेली. पुण्यात वार लावून जेवायचा, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा काढायचा. "सोमवारची पोळी सात इंच," म्हणाला. "गुरुवारची साडेपाच. शनिवारी वाढणाऱ्या बाईंची मर्जी बघावी लागे. मोजायची सवय तिथं लागली, मावशी. किती मिळणार ते आधी कळलं की मग कमी वाटत नाही."

 भागूनं आणखी एक भाकरी वाढली. त्यानं ती मोजली नाही, हे मी बघितलं.

आता पावसाच्या भांड्याचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथं अडलं.

आमच्या खोल्यांच्या बाजूला तारेचं कुंपण घालून कंपनीनं एक पितळी भांडं जमिनीत पुरलं होतं. वर नरसाळं, आत बाटली. चोवीस तासांत जेवढं पाणी आत पडंल, ते सकाळी आठाला खुणा केलेल्या काचेच्या नळीनं मोजायचं आणि वहीत मांडायचं. ते भांडं माझ्या ताब्यात. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे नळीमागून नळी भरायची. मी धान्य मोजतो तसं मोजायचो, "लाभ, दोन, तीन, चार..." खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लेले पहिल्या दिवशी दचकला. "लाभ म्हणजे किती?" मी सांगितलं. त्यानं मान डोलवली आणि दुसऱ्या दिवसापासून तोही नळी भरताना "लाभ" म्हणू लागला. मोठ्या साहेबापुढंसुद्धा.

त्याची सगळी उमेदवारी त्या भांड्यावर होती. जेठापासून आश्विनापर्यंत एकही दिवस न चुकता पाऊस मोजायचा, तलावाचं पाणी मोजायचं, आणि एका इंच पावसानं तलाव किती चढतो ते काढायचं. मोठ्या साहेबानं त्याला शब्द दिला होता, की एकही जागा रिकामी न ठेवता वही पुरी केलीस तर कॉलेज संपताच इथंच नोकरी. लेलेला नोकरीपेक्षा 'इथंच'चा आनंद जास्त झालेला. दोनदा मला बोलून दाखवलं. "मुकादम, इथंच म्हणालेत हं साहेब."

आणि त्या भांड्याचा कायदा कडक. माझ्या आधीच्या चौकीदारानं कुंपणावर धोतर वाळत घातलं, त्याची कड नरसाळ्यावर आली, तर त्याला त्याच संध्याकाळी बिऱ्हाड उचलायला लावलं होतं. भांड्याला हात लागला की ताबेदार घरी, एवढाच नियम.

आषाढात एकदा पावसानं मांडच ठोकली. तलाव सांडव्याला लागायला आला. मी हिवतापानं हुडहुडत घोंगडीत पडलेलो. लेलेला सांडव्यावर जाऊन दर तासाला पाणी बघायचं होतं, दुसऱ्या सकाळपर्यंत परत येणं नव्हतं. सकाळची आठाची नळी त्यानं मोजली, वहीत मांडली आणि निघताना भागूला म्हणाला, "मावशी, भांड्याकडे लक्ष असू द्या. पाऊस फार आहे. भांडं भरून वाहिलं तर माझं वर्ष वाहून जाईल."

"तुमी बिनघोर जा, भाऊ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आठाला चिखलानं माखून तो परत आला. माझा ताप उतरला होता, मी भिंत धरून बाहेर आलो. बघतो तर भांड्यावर भागूचं इरलं. लावणीच्या वेळी बाया पाठीवर घेतात ते, पानांचं. वाऱ्यानं उडू नये म्हणून चहूबाजूंनी धोंडे लावलेले. आणि ती बाजूला उभी, काल सकाळपासून दहा वेळा उघड्या पावसात जाऊन धोंडे सारखे करून आलेली, लुगडं अंगाला चिकटलेलं, तोंडावर काय तो आनंद!

"एक थेंब आत जाऊ दिला न्हाई, भाऊ! भरायचा सवालच न्हाई."

लेलेनं इरलं उचललं. बाटली काढली. आत चूल विझल्यावर असतो तसा ठणठणीत कोरडेपणा. आदल्या दिवशी सगळं मावळ बुडायला आलं होतं, आणि आमच्या भांड्यात पाऊस पडला नव्हता.

मी बायकोवर ओरडायला तोंड उघडलं. लेलेनं माझा दंड धरला. एवढी ताकद त्या काटकीत होती हे मला माहीत नव्हतं.

"मावशी," तो म्हणाला, "थंडी भरेल. आत जाऊन लुगडं बदला."

ती गेली. मी हळू आवाजात म्हणालो, "लेलेभाऊ, धा इंच लिवा. अकरा लिवा. तळं किती चढलं ते ठावं हाये ना? त्याच्यावरनं काढा. वर आभाळात जाऊन कोन मोजनार हाये?"

"तो अंदाज झाला, मुकादम."

"मग अंदाज लिवा! माझी नोकरी जाईल, तुमची यायच्या आधी जाईल!"

तो कुंपणाच्या खांबाला टेकून वही उघडून बसला. पेन्सिल हातात. कितीतरी वेळ बसला. मला वाटलं लिहितोय. डोकावून बघितलं तर पान कोरं.

दुपारच्या आत मोठा साहेब घोड्यावरून आलाच. एवढा पाऊस झाल्यावर येणारच होता. वही मागितली, कालच्या पावसाची जागा रिकामी दिसली, बाजूला धोंडे दिसले, इरलं दिसलं. माझ्याकडं वळून विचारलं, "मुकादम, किसने ढाका?"

 लेले माझ्या आणि घोड्याच्या मधे येऊन उभा राहिला. साहेबाशी इंग्रजीत बोलला, सरळ, हात मागं बांधून, परीक्षेला उभा राहिल्यागत. साहेब लाल झाला. मग साहेबानं खिशातलं पेन काढून वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी खरडल्या आणि घोडा वळवला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"काय म्हनालात त्याला?" मी विचारलं. "खोटं बोललात?"

"छे," लेले म्हणाला. "भांडं कालच्या दिवसापुरतं माझ्या ताब्यात होतं, हे सांगितलं. वाहू देऊ नका म्हणालो, पण का ते सांगितलं नाही, हे सांगितलं. आल्यापासून सगळ्यांना का, का म्हणून भंडावलं आणि मावशींना मात्र का ते सांगायचं राहिलं. चूक माझी आहे, मुकादम. मी मोजून बघितली. सोळा आणे भरते."

साहेबाच्या त्या दोन ओळींत 'हयगय' असा शेरा होता. दाखल्यावर तोच शेरा उतरला. 'इथंच' गेलं.

मी भागूला हे कधी सांगितलं नाही. लेलेनंच तशी शपथ घातली होती. उरलेला पावसाळा त्यानं पाऊस त्याच इमानानं मोजला, लाभ, दोन, तीन करत, कुणाला आता त्या आकड्यांचं काही नव्हतं तरी. आश्विनात गेला. जाताना भागूनं पाच भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. ती मला वर्षानुवर्षं विचारायची, "भाऊंना कंपनीत लागली का हो नोकरी?" मी म्हणायचो, "लागली की. लय मोठी." ती म्हणायची, "मग हिकडं कसं येईनात?" मी म्हणायचो, "मोठ्या मान्सास्नी सवड न्हाई."

लागली होती शाळामास्तराची, नगरकडच्या एका दुष्काळी गावात. तिथं त्यानं पदरच्या पैशानं पावसाचं भांडं बसवलं. दर दिवाळीला कार्ड यायचं. 'यंदा इकडे पाऊस नऊ इंच. मावशींस साष्टांग नमस्कार.' एका साली साडेसहा इंच. असल्या गावात भांडं मोजायचं कसलं, धूळ पुसायचीच. लग्न केलं नाही. का ते त्यानं लिहिलं नाही, मी विचारलं नाही.

भागू गेल्या पौषात गेली. तीन दिवसांचा ताप. घरात माझ्याशिवाय कुणी नाही, पोरगा देहूरोडला लष्कराच्या डेपोत. मी लेलेला कार्ड टाकलं, चार शब्दांचं. मला जास्त येत नाही.

महिन्यानं एका सकाळी दारात कुणी उभं राहिलं. केस पांढरे, नाक तसंच पुढं, कोट तोच नसंल पण तसाच. दार मोजलं नाही. वाकून आत आला, चुलीकडं बघितलं, आणि भिंतीशी बसला. मी मनात इतकी वर्षं होतं ते बोलून टाकलं.

"भाऊ, तुमचं वरीस आमी बुडवलं. तिला ठावं न्हवतं, मला व्हतं."

त्यानं पिशवीतून एक जुनी वही काढली. पानं पिवळी पडलेली, कडा फाटलेल्या. त्या उमेदवारीची, त्याची स्वतःची. आषाढातलं एक पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. आधीच्या पानांवर आकडे, पुढच्या पानांवर आकडे. ह्या पानावर एकही आकडा नाही. पेन्सिलीनं काढलेलं मोठं गोल, पान पुरलं नाही म्हणून शेजारच्या पानावर गेलेलं. आत तेलकट डाग.

"साहेब गेले ना, त्यानंतर मावशींनी जेवायला वाढलं," तो म्हणाला. "कुर्डूची भाजी होती. त्यांना वाटत होतं सगळं छान झालंय. मी भाकरी ह्या पानावर ठेवली आणि कडेनं पेन्सिल फिरवली. दिवस रिकामा राहायला नको म्हणून."

मी त्या गोलावरून बोट फिरवलं. उजव्या अंगाला, खालच्या बाजूला, रेघ जराशी आत वळली होती. खोच. करंगळीएवढी.

 मी उठलो. म्हणालो, "जेवून जायचं." महिनाभर मी स्वतःच भाकरी थापत होतो, पण हाताला ते वळण नाही. आजचीही जाड झाली, एका बाजूनं फाटली, दुसऱ्या बाजूनं चुलीत जळाली. मी ती तशीच गरम उचलून वहीतल्या गोलापाशी धरली. कुठं ते गोल, कुठं हे धिरडं!

"भाऊ," मी म्हणालो, "किती कमी भरली? खरं सांगा. आकडा सांगा."

लेलेचा हात सवयीनं खिशात गेला. फूटपट्टी निम्मी बाहेर आली. त्यानं माझ्याकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं, आणि पट्टी परत आत सरकवली.

"अंदाजे तेवढीच आहे, मुकादम," तो म्हणाला. "वाढा."